प्रेग्नन्सीत ड्रिंक्स: बहिणीने डॉक्टरांपासून लपवलंय, तिच्याशी कसं बोलू?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचून सल्ला द्या प्लीज.

माझ्या धाकट्या बहिणीला चौथा महिना चालू आहे. तब्येत छान, सोनोग्राफी नॉर्मल. पण दिवस गेलेत हे कळायच्या आधी ऑफिसच्या आणि मित्रमंडळींच्या पार्ट्यांमध्ये तिने ड्रिंक्स घेतले होते आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर लगेच बंद केले. पहिल्या व्हिजिटला जो फॉर्म भरायला दिला त्यात मद्यपान – हो / नाही असा रकाना होता, शेजारी सासूबाई बसलेल्या, बाईसाहेबांनी ‘नाही’वर टिक केलं. आता ते तिला आतून खातंय. रात्री सगळे झोपले की मला फोन करते आणि हळूच विचारते, “ताई, बाळाला काही झालं असेल का गं?” आणि वर, “तू कुणाला बोलू नकोस हं.”

बरं एवढंच असतं तर ठीक. सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील अशी तिला भीती, आणि दुसरीकडे नवऱ्याच्या ग्रुपमध्ये कुणीही भेटलं की “अगं आता तीन महिने झाले ना, एखादा ग्लास वाइन चालते, उलट रक्त वाढतं” हे सुरू. तिला नको असतं, पण दरवेळी कारणं देऊन ती थकलीये. मला विचाराल तर दोन्ही बाजू तिला सारखाच त्रास देतायत, एक जण लपवायला लावतोय आणि दुसरा पुन्हा प्यायला.

मी मिळेल ते वाचून काढलं. आईच्या रक्तातलं अल्कोहोल वारेतून थेट बाळाच्या रक्तात जातं, तिथली पातळी जवळपास आईइतकीच होते, आणि बाळाचं लिव्हर कच्चं असल्यामुळे ते लवकर बाहेर पडत नाही. काही गर्भजलात उतरतं, बाळ तेच पुन्हा गिळतं. चेहऱ्याची ठेवण सुरुवातीच्या आठवड्यांत ठरते पण मेंदू शेवटच्या दिवसापर्यंत घडत असतो, त्यामुळे ‘तीन महिने झाले की चालतं’ याला काही अर्थच उरत नाही. आणि वाइन-बिअर ‘हलकी’ हे तर साफ चूक. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरच्या कॅनमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, वाइनच्या १५० मिली ग्लासात १४, आणि व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये १०. म्हणजे पेगपेक्षा कॅनच भारी पडला की!

तिची एक मैत्रीण ठामपणे सांगते की तिला तिकडे ब्रिटनमध्ये ‘आठवड्यातून एक-दोनदा थोडी घेतली तर चालेल’ असंच सांगितलं होतं. ती खोटं बोलत नाहीये. २००८ ची तिथली गाइडलाइन अशीच होती, पहिले तीन महिने टाळा आणि नंतर घ्यायचीच असेल तर एक ते दोन युनिट (तिथलं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल), आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. पण २०१६ मध्ये त्यांनीच ती बदलून सरळ ‘अजिबात नको’ केली. वाइनचं माहेरघर असलेल्या फ्रान्समध्येसुद्धा २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईवर काट मारलेलं चित्र किंवा तसा इशारा छापावा लागतो.

मावससासूबाईंचं आणखी वेगळंच, “आमच्या वेळी डॉक्टर स्वतः सलाइनमधून अल्कोहोल द्यायचे, कुठे काय झालं?” मला वाटलं काहीतरी गैरसमज असेल, पण ते खरं निघालं! १९६० आणि ७० च्या दशकात वेळेआधी कळा आल्या तर त्या थांबवायला शिरेतून अल्कोहोल देत असत. फ्रान्समध्ये १९६८ ला आणि अमेरिकेत १९७३ ला डॉक्टरांनी पिणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये सारख्याच खुणा लिहून ठेवल्या, बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, वाढ कमी, आणि मग हळूहळू जगाचं लक्ष तिकडे गेलं. तेव्हा डॉक्टरांनाच माहीत नव्हतं हो, त्यात त्या बायकांचा काय दोष.

आता माझी खरी अडचण. हे सगळं बहिणीला सांगायला गेले तर ती आणखी घाबरेल. म्हणून तिला एवढंच सांगितलं की २०१७ च्या एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार प्रेग्नन्सीत पिणाऱ्या साधारण ६७ जणींमागे एका बाळाला वर लिहिलेल्या खुणांचा पूर्ण ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ होतो, म्हणजे बहुतेकींच्या बाळांना होत नाही, आणि तू तर कळल्या कळल्या थांबलीस, ते केव्हाही थांबलं तरी फायद्याचंच असतं. त्यावर ती शांत झाली. पण सौम्य त्रास चेहऱ्यावर दिसत नाही, शाळेत जायच्या वयात लक्ष न लागणं वगैरे रूपात दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांना खरं माहीत असलेलं बरं असं मला मनापासून वाटतं. ती तयार नाहीये. “डॉक्टर मला कसली आई म्हणतील” हे एकच पालुपद.

तर डॉक्टरांना सांगायला तिला कसं तयार करू? तुमच्यापैकी कुणी नंतर जाऊन अशी माहिती दुरुस्त केलीये का, डॉक्टर कसे वागले? आणि पार्टीत आग्रह करणाऱ्यांना एका वाक्यात गप्प कसं करायचं?

नंतरची भर: सगळ्यांचे आभार, सगळे प्रतिसाद वाचले. ‘शिकलेल्या मुली अशाच’ लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती, नेमक्या याच भीतीने ती फॉर्ममध्ये खोटं बोलली. ज्यांनी विचारलंय की त्यांच्या नात्यातली बाई रोज पिते आणि आता दिवस राहिलेत, तिला घरी एकदम बंद करायला लावू नका, रोजची सवय असेल तर अचानक सोडल्यावर थरथर होते, फिट्ससुद्धा येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

नवऱ्यानेही नऊ महिने ग्लास खाली ठेवावा हे ज्यांनी सुचवलं त्यांचं फार पटलं, मी त्याच्याशी बोलले. तो तयार झाला, आणि आता आग्रह झाला की “आम्ही दोघंही घेत नाही” हे तोच सांगणार आहे.

राहिला डॉक्टरांचा प्रश्न. पुढच्या व्हिजिटला मी सोबत जाणार आहे, पण सासूबाईही येणारच. आधी क्लिनिकला फोन करून ‘पेशंटशी पाच मिनिटं एकटीशी बोला’ असं सांगता येतं का? कुणी केलंय का असं, आणि फोनवर नेमकं काय म्हणालात?