स्टेंटच्या आधीचा फुगा
अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून उघडायची पद्धत, अमेरिकन कंपन्यांनी पैसा ओतून शोधली असं कोणी म्हटलं तर ते काही पटत नाही. कंपन्या नंतर आल्या हो, सुरुवात झाली झुरिचमधे आंद्रेआस ग्रुंट्झिगच्या स्वयंपाकघरात, हा जर्मन डॉक्टर घरच्या टेबलावर बारीक नळ्यांना पीव्हीसीचे फुगे चिकटवत बसायचा, आणि फुगा गोल न फुगता लांबट दंडगोल राहिला पाहिजे हीच खरी मेख होती. आधी पायाच्या धमन्या, मग कुत्र्यांवर प्रयोग, आणि 16 सप्टेंबर 1977 ला 38 वर्षांच्या पेशंटची हृदयाची धमनी, तीही तो जागा असताना!

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, तेव्हा नव्हताच, तो माणसात पहिल्यांदा बसवला 1986 मधे. तरी 10 वर्षांनी तपासलं तर त्या पेशंटची धमनी उघडीच. ग्रुंट्झिगला ते बघायला मिळालं नाही, 1985 मधे स्वतः विमान चालवताना अपघातात गेला तो.