मदत हवी आहे: छोट्या लेथच्या टूलपोस्टमध्ये १२ मिमीचं टूल

लेथवर (काम फिरवून कापायचं यंत्र) चौकोनी फोर-वे टूलपोस्ट आहे, म्हणजे चारही बाजूंच्या खाचांत टूल धरणारा ठोकळा. खाचेच्या तळापासून सेंटर (काम फिरतं तो अक्ष; टूलचं टोक याच उंचीवर हवं) १० मिमी वर, त्यामुळे १२ मिमी शँकचा (दांड्याचा) इन्सर्ट होल्डर (बदलता कापणारा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, धरणारं टूल) ठेवला की टोक २ मिमी वर जातं. मग क्लिअरन्स (धारेखालची मोकळी फट) संपतो, टूल कापायचं सोडून घासतं आणि फेसिंगला (कामाचं तोंड सपाट करताना) मध्यावर बारीक खुंट उरतो. पॅकिंगने (खाली पट्ट्या घालून) टूल उचलता येतं, खाली घेता येत नाही.

म्हणून एकाच बाजूचा तळ २.५ मिमी खोल करून, वर अर्धा मिमी पॅकिंग देणार आहे. मिलिंग मशीन नाही. लेथच्याच चकमध्ये (फिरत्या पकडीत) १० मिमीचा एंड मिल (मिलिंगचा दंडगोल कटर), टूलपोस्टखाली ७.५ मिमीचं पॅकिंग (म्हणजे कटरची खालची कड नव्या तळाच्या पातळीवर येते; टूलपोस्ट आवळणारा स्टड तेवढा लांब लागेल), दर फेरीला कॅरेज (टूलपोस्ट वाहणारा सरकता भाग) अर्धा मिमी पुढे, फीड कटरच्या फिरण्याविरुद्ध. कापताना कॅरेज लॉक, जिब (सरकत्या भागांतली ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) घट्ट.

दोन शंका आहेत. तळाची जाडी ११ वरून ८.५ मिमी होईल. पार्टिंगचा (काम कापून वेगळं करतानाचा) दाब आणि टूल वरून दाबणाऱ्या एम-६ (६ मिमी) बोल्टांचा ताण ती सोसेल का? आणि कंपाउंडवरच (टूलपोस्टखालची छोटी स्लाइड) हे मिलिंग थरथरेल असं वाटतं. कंपाउंड काढून त्याच उंचीचा भरीव ठोकळा कुणी वापरलाय का?

होल्डरचा शँक खालून घासायचा सल्ला कृपया नको, इन्सर्टचा स्क्रू तळापर्यंत आलेला आहे.