शब्दचर्चा : 'इंटरनिगेटिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (ऐरोली)

नमस्कार. माझी आत्या ठाण्यात चरईत राहते. तिचे यजमान माहितीपटांचे संकलक होते. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून पोटमाळ्यावरचे फिल्मचे डबे खाली काढले. त्यांची मराठीत यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. डब्यांवर 'ड्यूप नेग', 'आय.पी.', 'आय.एन.', 'फाइन ग्रेन' असं लिहिलेलं आहे. आय.एन. म्हणजे इंटरनिगेटिव्ह, इतपत कळलं. यादीत 'मध्यवर्ती निगेटिव्ह' लिहिलं तर चालेल का? आणि 'ड्यूप' म्हणजे नक्कल समजून ते डबे टाकून द्यावेत, असं घरात एकाचं म्हणणं आहे.

नौपाडा, ठाणे

टाकू मात्र नका! शब्दाचं नंतर बघू.

'मध्यवर्ती' मला पटत नाही. मध्यवर्ती म्हणजे मुख्य, केंद्रस्थानी असलेलं. ठाणेकराला तर मध्यवर्ती म्हटलं की आधी कारागृह आठवतं. इंटरनिगेटिव्ह केंद्रस्थानी नसते. ती दोन टप्प्यांच्या मध्ये असते.

आमचा स्टुडिओ होता तेव्हा हा शब्द स्लाइडच्या कामात यायचा. गिऱ्हाईक स्लाइड घेऊन यायचं आणि कागदावर मोठा फोटो मागायचं. स्लाइड पॉझिटिव्ह आणि नेहमीचा रंगीत कागद निगेटिव्हसाठी बनलेला. मग स्लाइडवरून आधी एक निगेटिव्ह करायची आणि तिच्यावरून प्रिंट काढायची. ती इंटरनेग. कोडॅकची त्यासाठी खास फिल्म मिळायची, कारण साध्या निगेटिव्ह फिल्मवर स्लाइड उतरवली की कॉन्ट्रास्ट हाताबाहेर जायचा. आजोबांचा एकुलता एक कागदी फोटो पुन्हा टिपून केलेली निगेटिव्ह वेगळी, ती कॉपी निगेटिव्ह. त्या कामाला पाटीवर सरळ 'फोटोवरून फोटो' लिहिलेलं असायचं. यादीत या दोन गोष्टी एक करू नका.

वाशी

निगेटिव्हला 'ऋणप्रत' आणि पॉझिटिव्हला 'धनप्रत' म्हटलं, तर इंटरनिगेटिव्ह 'आंतर-ऋणप्रत' होईल. निदान विचार करावा.

घंटाळी, ठाणे

वाशीच्या ताई, 'धनप्रत' वाचायला छान आहे, पण 'आंतर-ऋण' वाचून माणूस बँकेच्या कागदपत्रांकडे वळेल. माझं आयुष्य फिल्म लॅबमध्ये ग्रेडिंग करण्यात, म्हणजे प्रिंटसाठी शॉटचा उजेड आणि रंग जुळवण्यात गेलं. तिथे आम्ही हे शब्द कसे वापरायचो ते सांगतो. नाव पक्कं करण्याआधी वस्तू नीट ओळखायला हवी.

कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून करतात ती मास्टर पॉझिटिव्ह किंवा इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे तुमचं आय.पी. तिच्यावरून पुन्हा निगेटिव्ह होते ती आय.एन. आणि चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रिंटा तिच्यावरून निघतात. मूळ पहिली पिढी धरली तर आय.एन. तिसरी आणि प्रिंट चौथी. लॅबमध्ये खरोखर 'पिढी' हाच हिशेब असे आणि तो मराठीत जसाच्या तसा बसतो.

कृष्णधवल कामात तुमची 'फाइन ग्रेन' म्हणजे बारीक कणांची मास्टर पॉझिटिव्ह, आणि तिच्यावरून केलेली ती ड्यूप निगेटिव्ह. मास्टरचा गॅमा, म्हणजे कॉन्ट्रास्टचं माप, साधारण 1.4 आणि ड्यूपचा साधारण 0.7 ठेवायचा. गुणाकार 1 च्या आसपास आला की ड्यूपमध्ये मूळ निगेटिव्हचाच कॉन्ट्रास्ट उतरतो. म्हणून ती मास्टर पडद्यावर टाकली तर फिकी दिसते. ती पाहण्यासाठी केलेलीच नसते. रंगीत कामात दोन्ही टप्पे एकाच इंटरमीडिएट (मधल्या टप्प्यांसाठीच्या) फिल्मवर होतात, त्यामुळे आय.पी.सुद्धा निगेटिव्हसारखी नारिंगी दिसते. तुम्ही नुसता रंग बघून यादी केलीत तर इथेच फसाल. चेहरा बघा. नारिंगी छटेआड कपाळ उजळ आणि केस काळे असतील तर ती पॉझिटिव्ह.

एवढा उपद्व्याप का, तर प्रत्येक प्रिंट काढताना मूळ निगेटिव्ह यंत्रातून जाते, झिजते, तिच्यावर ओरखडे येतात, जोड सुटतात. गाजलेल्या चित्रपटाच्या शेकडो प्रिंटा तिच्यावरून काढल्या तर ती संपते. आपल्याकडे बऱ्याचदा तसंच झालं. मधल्या निगेटिव्हचा खर्च वाचवला आणि मूळ गमावलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझं मत : यादीत 'मधली निगेटिव्ह' लिहा आणि पुढे पिढी लिहा.

ऐरोली

काका, मनापासून आभार. पण 'ड्यूप' शब्दाचं काय करू? घरात त्याचा अर्थ बाजारातल्या डुप्लिकेट मालासारखाच घेतात.

घंटाळी, ठाणे

तो शब्द लॅबचा आहे, त्याला हलकेपणाचा वास नाही. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं उदाहरण घरात सांगा. 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली, तिच्यात या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे त्या इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हातांनी दुरुस्त केल्या. तरी 'पथेर पांचाली'चा सुमारे 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून थोडा अधिक भागच मूळ निगेटिव्हवरून घेता आला. 'अपूर संसार'ची उरलेली रिळं वापरण्याजोगी नव्हती. बाकीचं सगळं वेगवेगळ्या संग्रहांत जपलेल्या फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून आलं. 2015 मध्ये लोकांनी पडद्यावर जो 'अपूर संसार' पाहिला, तो या 'नकलां'मुळे पाहिला.

तुमच्या डब्यांतल्या माहितीपटांची मूळ निगेटिव्ह आज कुठे आहे, ठाऊक आहे का? नसेल, तर तुमच्या हातातली ड्यूप हीच त्यांची सर्वांत जुनी उरलेली पिढी असू शकते.

नौपाडा, ठाणे

काका, मूळ आणि ड्यूप ओळखायची खूण सांगा ना. डब्यावरच्या लेबलावर माझा तरी भरवसा नाही.

घंटाळी, ठाणे

कडा पाहा. ड्यूपमध्ये मूळ फिल्मच्या कडेची अक्षरं आणि आकडे पुष्कळदा छापून आलेले दिसतात, शिवाय तिची स्वतःची अक्षरं वेगळी. कडेला असे दोन संच दिसले की ती पुढची पिढी. दुसरं म्हणजे जोड. कापून लावलेल्या मूळ निगेटिव्हमध्ये शॉट बदलतो तिथे खरा जोड बोटाला लागतो. ड्यूप अखंड असते, तिच्यात जोडाचं फक्त चित्र असतं.

वाशी

'मधली निगेटिव्ह' मान्य. 'आंतर-ऋणप्रत' मागे घेते, 'पिढी' मात्र मला फार आवडला. पण सी.आर.आय. (कलर रिव्हर्सल इंटरमीडिएट) असा डबा निघाला तर काय लिहायचं?

घंटाळी, ठाणे

त्यालाही मधली निगेटिव्हच, पण पिढी दुसरी. ती रिव्हर्सल फिल्म असल्यामुळे निगेटिव्हवरून थेट निगेटिव्ह व्हायची, पॉझिटिव्हचा टप्पा गळायचा. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचे रंग लवकर उडतात, म्हणून असा डबा असेल तर यादीत त्याला खूण करा.

आणि ऐरोलीकर, डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा. फिल्मचा ॲसिटेटचा (एका प्लास्टिकचा) पाया कुजताना निघणारी वाफ शेजारच्या रिळांनाही पोखरते, आणि आपल्या पावसाळी दमटपणात ते झपाट्याने होतं. फिल्म फडक्याने पुसू नका. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या फिल्म असतील तर त्यांचा पाया ॲसिटेटऐवजी नायट्रेटचा असू शकतो. त्या पेट घेतात, घरात ठेवू नका. यादी झाली की पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. डब्यावरचा मजकूर यादीत जसाच्या तसा एका रकान्यात घ्या, आणि आत प्रत्यक्ष काय सापडलं ते शेजारच्या रकान्यात.