मंगळाची हवा चुंबकत्व गेल्यामुळेच उडाली का?

खडकवेडा:
चुंबकक्षेत्र गेलं, सौरवाऱ्यानं (सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोतानं) हवा ओढून नेली, मंगळ मेला. नववीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, शुक्राला तरी कुठं स्वतःचं चुंबकक्षेत्र आहे? मग तिथं पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त दाब कसा?" तेव्हापासून माझं मत बदललंय. मंगळाचं खरं दुखणं त्याचा आकार. वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं! लहान गोळा लवकर निवतो, ज्वालामुखी थंडावतात, गेलेल्या हवेची भरपाई होत नाही.

दुर्बीणवाली:
अजिबात पटलं नाही. २०१४ मध्ये मंगळाभोवती पोचलेल्या मावेन यानाच्या मोजणीवरून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की तिथला सुमारे ६५ टक्के आर्गॉन अवकाशात गेलाय. आर्गॉन खडकाशी संयोग पावत नाही, म्हणजे तो वरूनच गेला. मंगळाचं चुंबकीय कवच सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी विझलं, त्यानंतर त्याला कोण वाचवणार होतं?

खडकवेडा:
गेला हे मान्यच. पण कवच नव्हतं म्हणून गेला, हे त्यातून कुठं सिद्ध होतं? तरुण सूर्याचा अतिनील मारा जबरदस्त होता आणि मंगळाचं गुरुत्व आपल्या ३८ टक्के. आपल्याला कवच आहे, तरी ध्रुवांकडून ऑक्सिजनचे आयन (भारित अणू) आजही निसटतातच.

जांभादगड:
दोघंही वरच बघताय, जरा पायाखाली बघा. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो. आमच्या रत्नागिरीचा जांभा म्हणजे असा झिजलेला बेसॉल्टच. तो कार्बन नद्यांतून समुद्रात जातो, शिंपले-पोवळी त्याची चुनखडी करतात, भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे) तिला खाली नेतात, ज्वालामुखी तो परत हवेत सोडतात. शुक्राच्या हवेत जितका कार्बन, साधारण तितका आपल्या खडकांत पुरलाय. मंगळावरच्या गेल विवरात क्युरिऑसिटी या फिरत्या यानाला लोहाचं कार्बोनेट सापडलं, म्हणजे मंगळावरही हवा खडकात मुरत होती. परत सोडणारं मात्र कुणी उरलं नाही. जिवंत ग्रह म्हणजे हा फेरा. जीव नसता तर आपलीही हवा टिकली नसती.

दुर्बीणवाली:
फेरा मान्य, शेवटचं वाक्य नाही. शिंपल्यांसारखे कवचाचे प्राणी जेमतेम ५४ कोटी वर्षांचे. चुनखडी त्याआधी अब्जावधी वर्षं बनतच होती.

जांभादगड:
शिंपल्यांचं तुमचं बरोबर, तेवढं मागे घेतो. पण ऑक्सिजन? सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, तो सूक्ष्मजीवांनीच सोडलेला. आणि मुळं, बुरशी खडक किती झपाट्यानं फोडतात ते पावसाळ्यानंतर सड्यावर, आमच्या जांभ्याच्या पठारावर, येऊन बघा.