मे महिन्यातल्या केकवर बटरक्रीमचा हट्ट कशासाठी?

मूळ लेखन (विश्रामबाग, सांगली)

मी घरून ऑर्डरप्रमाणे केक करते. सहा उन्हाळे काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आपल्या भागातल्या सजावटीच्या केकवर बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेले क्रीम, लावणे हा निव्वळ हट्ट आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. आपल्याकडे तर एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो.

गेल्या मे महिन्यात एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा दोन मजली केक मी बटरक्रीमच्या गुलाबांनी सजवून कार्यालयात पोहोचवला. बाळाचे मामा जतहून यायचे असल्याने औक्षण थांबले, औक्षणासाठी केक थांबला, आणि सगळे टेबलाशी जमले तेव्हा वरच्या मजल्यावरचे तीन गुलाब खालच्या मजल्याच्या काठावर येऊन बसले होते. पाकळ्यांच्या कडांना तुपासारखी चकाकी आली होती आणि बाळाच्या नावातला काना ओघळून पार पाटापर्यंत गेला होता. यजमानांनी मोठ्या मनाने हसून वेळ साजरी केली, पण मला ती रात्र झोप लागली नाही.

त्या दिवसापासून मी गोठवलेल्या पाकिटातले नॉन-डेअरी व्हिप क्रीम वापरते. आदल्या रात्री पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच ते बीटरखाली घ्यावे. मग ते तिप्पट-चौपट फुलते. शिवाय ते पांढरेशुभ्र असल्यामुळे रंग खरा उठतो. पिवळ्या बटरमध्ये निळा रंग घातला की आकाशाऐवजी शेवाळ दिसते, हा अनुभव अनेकींना असेल.

प्रतिसाद (मिरज)

ताई, आपल्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे, पण निष्कर्ष पटत नाही. व्हिप क्रीम म्हणजे मुख्यतः वनस्पतिजन्य चरबी, पाणी आणि साखर. ते दिसते देखणे. परंतु खाल्ल्यानंतर टाळूला जो तवंग चिकटून राहतो, तो चहा पिऊनही जात नाही. ही चरबी तोंडात सहज विरघळत नाही आणि म्हणूनच ती आपल्या उन्हात टिकते, हे लक्षात घ्या. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ते निवडता, तोच त्याचा दोष आहे.

उन्हाळ्याला खरे उत्तर गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे घट्ट मिश्रण, हेच आहे. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग हे नेहमीचे प्रमाण. मे महिन्यात चॉकलेट अडीच ते तीन भागांपर्यंत न्यावे, आणि पांढऱ्या चॉकलेटसाठी तर तीनास एक हवेच. रात्रभर मुरलेले गनाश पॅलेट नाइफने लावले की काठ सुरीसारखे धारदार येतात आणि चव चॉकलेटचीच राहते.

धागाकर्ती

दादा, आपण चॉकलेट कोणते वापरता? आपल्या बाजारात किलोच्या लादीत मिळते ते बहुतेक कंपाउंड असते, आणि त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबीच असते. खरे कोको बटर घेतले तर तेही ३४ अंशांच्या आसपास वितळते. तेव्हा टाळूवरच्या तवंगाचा आरोप एकट्या व्हिप क्रीमवर ठेवणे न्यायाचे नाही. ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला अपायकारक चरबीची, काळजी असेल तर १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतली आणि ती घालून केलेल्या पदार्थांतली त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणलेली आहे. संपृक्त चरबी मात्र व्हिप क्रीममध्ये भरपूर असते, हे मी मान्य करते. पण ती लोण्यातही काही कमी नसते.

प्रतिसाद (सातारा)

आपण दोघेही सांगली-मिरजेच्या उन्हाला सगळ्या जगाचे हवामान समजत आहात. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ऐन भरात असते आणि त्या थंडीत दुधाच्या क्रीमइतके योग्य दुसरे काही नाही. आंबटगोड फळाशेजारी तुमचे व्हिप क्रीम गोडमिट्ट लागते. एवढेच ध्यानात ठेवावे की किराणा दुकानात मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला कितीही घुसळले तरी ते उभे राहत नाही. फेटण्यासाठी ३५ टक्क्यांच्या जवळचे क्रीम, थंडगार भांडे आणि थांबण्याची वेळ ओळखणारी नजर लागते. अर्धे मिनीट जास्त झाले की क्रीम रवाळ होते, आणि मग आपण केक नव्हे, लोणी करत असतो.

फॉन्डंटचा, म्हणजे केकवर पोळीसारख्या लाटून घालायच्या साखरेच्या थराचा, विषय कोणी काढलेला नाही, तो मीच काढते आणि मिटवते. पावसाळ्यात साखर हवेतला ओलावा ओढते, फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला घाम फुटतो आणि बोटांचे ठसे उमटतात. त्यातून पाहुणे तो थर सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. शिवाय काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असते, त्यामुळे शाकाहारी आणि जैन घरांसाठी केक करताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय ते वापरू नये. अंड्याच्या पांढऱ्याचे रॉयल आयसिंग त्याच कारणाने या घरांत बाद होते.

प्रतिसाद (मिरज)

कंपाउंडचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो. माझी लादी आताच उलटून वाचली; घटकांमध्ये साखरेनंतर दुसरेच नाव वनस्पतिजन्य चरबीचे आहे. तरीही चवीच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही, कारण कंपाउंडमध्ये निदान कोको तरी असतो.

धागाकर्ती

येत्या रविवारी तासगावला केक पोहोचवायचा आहे, तोही भर दुपारी. आपल्या आग्रहाखातर बाहेरचा थर अडीचास एक प्रमाणाच्या गनाशचा करते. गुलाब मात्र व्हिप क्रीमचेच राहतील, त्यात तडजोड नाही. बटरक्रीमची बाजू इथे अजूनपर्यंत कोणी घेतलेली नाही, याची नोंद असावी.

प्रतिसाद (मिरज)

ताई, एक काळजी घ्या. गनाशचा केक फ्रिजमधून काढल्याबरोबर त्याला घाम फुटण्याच्या आत गुलाब बसवा आणि लगेच पुन्हा आत ठेवा. ओल्या गनाशवर व्हिप क्रीमसुद्धा घसरते, आणि मग दोष माझ्या गनाशला द्याल.