जिनिंगच्या सर्व्हरचे लॉग जळगावला कशाला आणायचे?

तापीकाठ:
चोपडा, जामनेर, धरणगाव या पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांना आणि काही पतसंस्थांना आम्ही सॉफ्टवेअर पुरवतो. प्रत्येक ठिकाणी एक छोटा सर्व्हर, त्यावर डॉकरचे चार-पाच कंटेनर (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात चालतो). आता ऑफिसात टूम निघाली आहे की सगळीकडचे लॉग, म्हणजे प्रोग्राम काय करतोय याच्या नोंदी, जळगावच्या एका मध्यवर्ती सर्व्हरवर आणायचे. माझा याला विरोध आहे.

आमचं खरं दुखणं डिस्क भरण्याचं आहे. डॉकर लॉग लिहायला मुळात जेसन-फाइल ड्रायव्हर वापरतो आणि त्यात फाइल किती वाढावी याला मर्यादाच नसते. कापसाचा हंगाम भरात आला की वजनकाट्याचा कंटेनर सतत काहीतरी लिहीत असतो. डिस्क भरते, पोस्टग्रेस (डेटाबेस) बसतो आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. यावर डॉकरचाच 'लोकल' ड्रायव्हर पुरेसा आहे: 20 एमबीच्या 5 फाइली, म्हणजे कंटेनरमागे जास्तीत जास्त 100 एमबी, जुनं आपोआप पुसलं जातं. (डीमनची, म्हणजे डॉकरच्या मागे चालणाऱ्या मुख्य प्रोग्रामची, सेटिंग बदलली तरी आधीचे कंटेनर जुन्याच पद्धतीने लिहीत राहतात, ते नव्याने बनवावे लागतात. इथे बरेच जण फसतात.)

दुसरं म्हणजे लाइन. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की गाव अर्धा दिवस नेटशिवाय. त्या भरवशावर लॉग पाठवायचे?

भुसावळ_जंक्शन:
काय भो, डिस्क वाचवली म्हणजे लॉग वाचले का? कंटेनर काढून नवा बनवला की त्याचा जुना लॉग त्याच्यासोबत गेला. आपल्याकडे अपडेट म्हणजे रोज तेच. परवाच्या आवृत्तीत हिशेब का चुकला हे शोधायला आज काहीच हाती नसतं. आणि सर्व्हरमध्ये कोणी घुसलं तर तो आधी लॉगच साफ करणार. दुसऱ्या मशीनवर प्रत असली तर निदान माग लागतो.

सातपुडा:
सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश वाचा एकदा. लॉग 180 दिवस जपायचे, देशातच ठेवायचे, आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची. तुमच्या 100 एमबीत 180 दिवस मावतात का?

तापीकाठ:
ते मोठ्या डेटा सेंटरवाल्यांसाठी. तालुक्याच्या पतसंस्थेला कोण विचारतंय?

सातपुडा:
त्यात 'बॉडी कॉर्पोरेट' (कंपनी, फर्म, व्यावसायिक संस्था) असाही शब्द आहे. लघुउद्योगांना फक्त 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती, सूट नव्हे. कोण विचारतंय हा प्रश्न चोरी झाल्यावर पडत नाही, तेव्हा सगळेच विचारतात.

केळीबाग_रावेर:
मी मध्यवर्ती सर्व्हरच्या बाजूचा, पण तुमच्या ऑफिसवाल्यांनी जर सिसलॉग ड्रायव्हर (लॉग थेट नेटवरून पाठवणारा) लावून थेट जळगावचा पत्ता दिला तर तापीकाठ म्हणतात ते खरं ठरेल. टीसीपीवर (आधी जोडणी करून पाठवायच्या पद्धतीत) तो पत्ता लागला नाही तर कंटेनर सुरूच होत नाही. म्हणजे केबल तुटलेली, त्यात लाइट जाऊन आली, की वजनकाटा बंद. कशामुळे? जळगावचा लॉग सर्व्हर दिसत नाही म्हणून! जेल्फ हा दुसरा ड्रायव्हर यूडीपीवर (जोडणी न करता पाठवायच्या पद्धतीत) टाकला तर कंटेनर चालू राहतो, पण पाकिटं हरवतात आणि कोणाला कळतही नाही. 'नॉन-ब्लॉकिंग' (लॉगसाठी कंटेनर न अडवणारी पद्धत) लावलं तर मेमरीत 1 एमबीचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, मिळतो. तो भरला की पुढच्या ओळी फेकून दिल्या जातात, आणि गडबड असते तेव्हाच तो भरतो.

मार्ग साधा आहे. कंटेनरने जागेवरच फाइलीत लिहावं. शेजारी फ्लुएंट बिट हा छोटा प्रोग्राम ठेवा, तो फाइल वाचून पुढे पाठवतो. कुठपर्यंत वाचलं याची नोंद ठेवतो, बफर डिस्कवर ठेवायला सांगता येतो, लाइन आली की राहिलेलं पाठवतो.

तापीकाठ:
म्हणजे माझा लोकल ड्रायव्हर कायम, फक्त वर एक पाठवणारा. मग भांडण कशाचं?

केळीबाग_रावेर:
कायम नाही, दादा. लोकल ड्रायव्हरच्या फाइली डॉकरच्या स्वतःच्या साच्यात असतात, बाहेरच्या प्रोग्रामने वाचायच्या नसतात. जेसन-फाइलच ठेवा, पण मॅक्स-साइझ (फाइलीचा आकार) आणि मॅक्स-फाइल (फाइलींची संख्या) देऊन. आकारही लाइन किती वेळ जाते ते बघून ठरवा, नाहीतर पाठवायच्या आधीच जुनी फाइल पुसली जाईल.

धुळे_पांझरा:
भाऊ, तुनं म्हननं बरोबर शे, पन गावमानं मशीनच जळी गयं ते काय करशी? मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत सर्व्हर ठेवलाय लोकांनी. बाहेरच 45 अंश, आत विचारूच नका. डिस्क गेली तर लोकल आणि जेसन-फाइल दोन्ही सारखेच.

यावल_रोड:
माझी वेगळीच तक्रार आहे. पतसंस्थेच्या लॉगमध्ये काय काय असतं ते एकदा उघडून बघा. प्रोग्रामरने तपासायला म्हणून अख्खी विनंती छापलेली असते: खातेदाराचा मोबाइल, आधार, शिल्लक. आज ते एकेका गावात विखुरलेलं आहे. उद्या सगळ्या खातेदारांची माहिती जळगावच्या एका डिस्कवर. आधी कोडमधून ते छापणं काढा, निदान फ्लुएंट बिटमध्ये आकडे झाका, आणि वाटेत टीएलएस (कूटबद्ध जोडणी) लावा. साधा सिसलॉग 514 पोर्टवर उघडाच जातो. हे केल्याशिवाय माझं मत तापीकाठच्या बाजूने.

सातपुडा:
यावल_रोड यांचा मुद्दा मान्य. पण हे काम लॉग गावात राहिले तरी करायचंच आहे.

तापीकाठ:
ठीक. पतसंस्थांचे आणू, माहिती झाकून. जिनिंगचे मात्र अजूनही पटत नाही. तिथे वजनाच्या ओळी हजारोंनी येतात. लॉग साठवून शोधून देणारा इलास्टिकसर्च प्रत्येक शब्दाची सूची करतो, त्याची रॅमची भूक आमच्या जुन्या मशीनला झेपायची नाही.

भुसावळ_जंक्शन:
मग लोकी घ्या, तोही लॉग साठवणाराच. तो फक्त लेबलांची (ओळींना लावलेल्या खुणांची) सूची करतो, मजकूर दाबून ठेवतो. लेबल म्हणून साइट आणि कंटेनरचं नाव, बस. पावती क्रमांक लेबलात घातलात तर दर पावतीला नवं लेबल होऊन तोही झोपेल. वजनाच्या ओळी इकडे पाठवूच नका, चुका आणि इशारे तेवढे पाठवा. अलर्टही दोनच ठेवा: डिस्क 80 टक्के भरली, आणि एखाद्या गावाकडून तासभर एकही ओळ आली नाही.

तापीकाठ:
तासभर ओळ नाही म्हणजे लाइन गेली, लाइट गेली, की सर्व्हर जळाला? जळगावला तिन्ही सारखंच दिसणार. शेवटी जिनिंगच्या दिवाणजींना फोन मलाच लावायचाय.