फ्रेंच राज्यक्रांतीने बायकांना दगा दिला का?

आडवाट:
५ ऑक्टोबर १७८९. पाव मिळेना म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका तोफा ओढत, पावसात भिजत व्हर्सायला गेल्या. चिखलाने माखलेल्या अंगाने राष्ट्रसभेत घुसल्या आणि सदस्यांच्या बाकांवर ठाण मांडून बसल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर चालढकल करणाऱ्या सोळाव्या लुईने त्याच रात्री मुकाट होकार दिला. आणि १७९१च्या राज्यघटनेत या बायकांना मत नाही! क्रांतीचा विचारवंत सिएज याने त्यांना आधीच 'निष्क्रिय नागरिक', म्हणजे मताधिकार नसलेले, ठरवलं होतं. लेखिका ओलांप द गूजने स्त्रीहक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला, तर तिला गिलोटिनवर चढवलं. याला दगा नाही तर काय म्हणायचं?

खडाष्टक:
साफ असहमत. ओलांपचा खटला त्या जाहीरनाम्यावर नव्हताच. एकसंध प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही हे लोकांनाच ठरवू द्या, असं पोस्टर तिने १७९३ मध्ये काढलं. तेव्हा राजेशाहीची भलामण म्हणजे देहदंड. (जाहीरनामासुद्धा बाईंनी राणीलाच अर्पण केला होता!) आणि सप्टेंबर १७९२चा घटस्फोटाचा कायदा कुठे गेला? नवऱ्याशी पटत नाही, एवढं कारणही पुरायचं. मुलींना वारशात भावांइतका वाटा मिळाला. सामान्य बाईला मतापेक्षा याचा उपयोग जास्त.

आडवाट:
खटला पोस्टरचा, पण ३ नोव्हेंबरला तिला मारल्यावर सरकारी बाजूच्या पत्राने काय छापलं? बाईच्या जातीला शोभणारे गुण विसरली, त्याची शिक्षा मिळाली! त्याच्या चारच दिवस आधी बायकांच्या क्लबांवर बंदी आली होती.

चिंचबोर:
पण ती बंदी मागायला कोण गेलं होतं, तेही सांगा की. बायकाच! क्रांतिकारी क्लबवाल्या बाजारात फिरून क्रांतीची खूण असलेली तिरंगी फीत लावायची सक्ती करायच्या, वर सरकारने भाव बांधून द्यावेत म्हणून आग्रह. मासेवाल्यांचा धंदा त्या भावांनी बसत होता, त्यामुळे ऑक्टोबर १७९३ मध्ये चांगलीच जुंपली. अमारसारख्या सरकारी पुढाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं, हेही खरंच. पण 'बायका' असा एकच गट धरून हिशेब मांडलात, तर तो चुकणारच.

आडवाट:
भांडणं पुरुषांच्या क्लबांत काय कमी होती? त्यांचं मत कोणी काढून घेतलं नाही. 'त्या काळी कुणाला सुचलंच नाही' हेही चालणार नाही, कारण तत्त्वज्ञ काँदोर्सेने १७९० मध्येच बायकांच्या नागरिकत्वासाठी लेख लिहिला होता. आणि तो घटस्फोट? नेपोलियनच्या १८०४च्या नागरी कायद्याच्या संहितेने बायकोला नवऱ्याच्या आज्ञेत बसवलं, घटस्फोट आवळला; १८१६ मध्ये तो रद्दच झाला. मत नसलं की दिलेलं असं परत काढून घेता येतं.

खडाष्टक:
घटनेत नाव असतं तरी काय वाचलं असतं? १७९१ची घटना वर्षभरही टिकली नाही, १७९३ची तर अंमलातच आली नाही.

आडवाट:
घटना बदलत गेल्या, पुरुषांचा मताधिकार कधी आकसला, कधी फुगला, पण पुन्हा पुन्हा चर्चेला आला. १८४८ मध्ये तो सगळ्या पुरुषांना मिळाला. बायकांनी पहिल्यांदा मत टाकलं एप्रिल १९४५ मध्ये.